आउटडोअर पोर्ट्रेटसाठी छोटं फ्लॅश किट: नागपूरच्या उन्हात या चुका टाळा

पोर्ट्रेटसाठी फ्लॅश किट घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी फ्लॅश बघतात, मग सॉफ्टबॉक्स, मग हे सगळं मावेल अशी बॅग. ऊन कुणी बघत नाही. नागपुरात मात्र हिशेब उन्हापासूनच सुरू होतो. आपलं शहर 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. 26 मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. नेमके नवतपाचे, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस. अशा उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाची सावली ओठावर उतरते, म्हणून फ्लॅश हवा. पण गंमत अशी की फ्लॅशची गरज जेव्हा सगळ्यात जास्त असते, तेव्हाच छोटा फ्लॅश सगळ्यात कमी पुरतो.

याच्या उलट डिसेंबर. तेव्हा भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून 45 अंशांच्या आसपासच असतो. चेहऱ्यावर उजेड तिरपा पडतो आणि थोडासा फ्लॅश भरला तरी काम होतं. म्हणजे किट किती लहान ठेवता येईल, हे दुकानात ठरत नाही. कोणत्या महिन्यात, किती वाजता आणि कुठे उभं राहायचं, यावर ते ठरतं. पुढच्या बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यामुळे होतात.

ताकदीचा हिशेब न करता फ्लॅश घेणं

खोक्यावर गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा, 60 लिहिलेला असतो. तो आकडा फ्लॅशचं झूम 200 मिमीवर असतानाचा असतो, म्हणजे उजेड अगदी अरुंद झोतात टाकल्यावरचा. झूम 35 मिमीवर आणलं की तोच नंबर 36च्या आसपास येतो. आता ऊन मोजा. स्वच्छ उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100 आणि शटर 1/250 सेकंद ठेवलं तर अ‍ॅपर्चर साधारण एफ/11 लागतं (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). गाइड नंबरला अ‍ॅपर्चरने भागलं की अंतर मिळतं: 36 भागिले 11, म्हणजे सव्वातीन मीटर. हे उघड्या फ्लॅशचं झालं. उजेड मऊ करायला समोर पांढरी छत्री लावली की दीड ते दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) आणि अंतर निम्म्यावर, दीड-पावणेदोन मीटरवर येतं. तेही पूर्ण ताकदीवर. प्रत्येक फोटोनंतर रीसायकल होईपर्यंत, म्हणजे फ्लॅश पुन्हा चार्ज होईपर्यंत थांबायचं आणि पाच-दहा मिनिटांत फ्लॅश तापून अडून बसायचा.

म्हणून फुल लेंग्थ फोटो, पाठीमागे उन्हातला फुटाळा तलाव आणि हातात एकच साधी फ्लॅशगन (कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश), हे दुपारी तीन वाजता जमत नाही. त्यात फ्लॅशचा दोष नाही. गोडॉक्स एडी 200सारखा 200 वॅट-सेकंदाचा छोटा फ्लॅश घेतला तर साध्या फ्लॅशगनपेक्षा सुमारे दीड स्टॉप जास्त मिळतो आणि तेच अंतर अडीच मीटरच्या पुढे जातं. माझ्या मते नागपुरातल्या कामासाठी असा एक फ्लॅश दोन साध्या फ्लॅशगनपेक्षा बरा. वजन जवळपास सारखंच पडतं, सेल सांभाळायची कटकट कमी होते, आणि दोन फ्लॅश एकत्र लावले तरी वाढतो तो एकच स्टॉप.

मोठा फ्लॅश घेण्याआधी आणखी एक फुकटचा उपाय आहे, तो म्हणजे सावलीत जाणं. मोकळ्या सावलीत ऊन साधारण तीन स्टॉप उतरतं, एफ/11चं एफ/4 होतं. सिव्हिल लाइन्समधल्या मोठ्या झाडांखाली किंवा सेमिनरी हिल्सच्या रस्त्यावर हीच साधी फ्लॅशगन छत्रीसकट आरामात पुरते. फक्त मागची चौकटही सावलीतलीच निवडा. मागे ऊन पेटलेलं असेल तर हिशेब पुन्हा एफ/11वर जातो.

हाय स्पीड सिंक म्हणजे जादू समजणं

पोर्ट्रेटला मागचं धूसर हवं असतं, म्हणून एफ/2.8 आणि शटर 1/4000. कॅमेऱ्याचा सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशसोबत नेहमीच्या पद्धतीने चालणारं सगळ्यात जलद शटर, 1/200 किंवा 1/250. त्यापुढे जायचं तर हाय स्पीड सिंक चालू करावं लागतं, आणि बरेच जण ते चालू करून विसरून जातात. मग तक्रार येते की फ्लॅश लागतो पण चेहऱ्यावर दिसत नाही.

कारण सोपं आहे. एवढ्या वेगाला शटरचे दोन्ही पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात, फक्त एक चीर सेन्सरवरून सरकत जाते. त्या सगळ्या वेळात उजेड हवा म्हणून फ्लॅश एका मोठ्या ठिणगीऐवजी भराभर लहान ठिणग्या सोडतो. त्यातला बराचसा उजेड बंद पडद्यावरच आपटून वाया जातो. दोन स्टॉप तरी जातात, बरेचदा जास्त. वरचं दीड मीटरचं अंतर आणखी निम्मं करा: छत्री समोरच्या माणसाच्या जवळजवळ नाकाशी येते.

छोट्या किटसाठी बरा मार्ग म्हणजे एनडी फिल्टर, लेन्सवर लावायची राखाडी काच. शटर 1/250वरच ठेवायचं, तीन स्टॉपचा फिल्टर लावला की एफ/4 आणि चार स्टॉपचा लावला की एफ/2.8 मिळतं. फिल्टर उजेड कमी करतो तो सूर्याचा आणि फ्लॅशचा सारखाच, तेवढंच अ‍ॅपर्चर उघडल्यावर दोघांचं प्रमाण जसंच्या तसं राहतं. फ्लॅशची ताकद अजिबात वाया जात नाही. वजन काही ग्रॅम. फिरवून गडद होणारे स्वस्त व्हेरिएबल फिल्टर मात्र टाळा. शेवटच्या टोकाला ते चौकटीवर काळसर फुलीसारखी छटा आणतात आणि कातडीचा रंग बिघडवतात. ठरावीक स्टॉपचा एक नीट फिल्टर घ्या.

हाय स्पीड सिंक वाईट आहे असं नाही. संध्याकाळी, ऊन मंदावल्यावर, माणूस जवळ असताना ते चालवा. मे महिन्याच्या दुपारी नको.

हलका स्टँड आणि मोठी छत्री

तलावाकाठी छत्री ही छत्री राहत नाही, शीड होते. अंबाझरी असो की फुटाळा, पाण्यावरून येणारी एक झुळूक 43 इंची छत्रीला स्टँडसकट आडवं करायला पुरते. उन्हाळ्यात तर वावटळ सांगून येत नाही. मुळात किट कॉम्पॅक्ट हवं म्हणून सगळ्यात हलका स्टँड घेतलेला असतो आणि त्यावर डोक्याला वजन. फ्लॅशचा पुढचा भाग दगडावर पडला की ट्यूब गेलीच म्हणून समजा.

रेतीची पिशवी घरून भरून नेऊ नका, रिकामी न्या. दोन लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या म्हणजे चार किलो वजन, आणि नागपुरात पाणी तर न्यावंच लागतं. पिशवी स्टँडच्या पायांवर खाली टेकवा. वरून लटकवलेली पिशवी वाऱ्यात झुलते आणि उलट स्टँडलाच ओढते. पाय पूर्ण पसरवा आणि त्यातला एक फ्लॅश ज्या बाजूला झुकलाय त्याच बाजूला येऊ द्या. रस्ता उताराचा असेल तर एक पाय उताराच्या दिशेने.

तरीही, वारा असेल तर सगळ्यात चांगला स्टँड माणूसच. प्री-वेडिंगला नवरदेवाचा एखादा मित्र किंवा भाचा रिकामा असतोच. एका मोनोपॉडच्या टोकाला फ्लॅश आणि 60 सेंटिमीटरचा घडीचा सॉफ्टबॉक्स लावून त्याच्या हाती द्या. वारा आला की तो स्वतः सावरतो, तुम्ही दोन पावलं सरकलात की तोही सरकतो. त्याला एकच गोष्ट सांगून ठेवा: अंतर बदलायचं नाही. फ्लॅशचं अंतर निम्मं झालं तर चेहऱ्यावरचा उजेड चौपट होतो, आणि भाचेमंडळी उत्साहात पुढेच सरकतात.

कुणीच नसेल आणि वारा थांबत नसेल तर छत्री बंद करा. उघडा फ्लॅश सूर्याच्याच बाजूने, जरा उंचावरून टाकला तर त्याची कडक सावली उन्हातल्या फोटोत खटकत नाही. आजूबाजूच्या सगळ्या सावल्या तशाच कडक असतात.

संध्याकाळी चेहरा निळसर

सूर्य खाली गेला की उजेड केशरी होतो, फ्लॅश मात्र दुपारच्याच रंगाचा, 5600 केल्विनच्या आसपास. चेहरा चिकटवल्यासारखा दिसतो. फ्लॅशला सीटीओ जेल, म्हणजे केशरी रंगाची पारदर्शक पट्टी लावा: पाव किंवा अर्ध्या गडदपणाची. पूर्ण सीटीओ घराबाहेर क्वचितच लागते. जेलचे तुकडे कापून रबर बँडने बांधून ठेवले की किटमध्ये जागाही घेत नाहीत. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, प्रत्येक फोटोला रंग सरकतो. 5500 ठेवा आणि विसरा.

बॅटऱ्या आणि मे महिना

लिथियम बॅटऱ्या चार्ज करायची वरची मर्यादा साधारण 45 अंश सेल्सिअस असते. नागपूरच्या मे महिन्यात हवाच तेवढी असते, आणि उन्हात उभ्या कारच्या आत तर कितीतरी जास्त. त्यामुळे दुपारी गाडीत चार्जर लावून जेवायला जाणं म्हणजे बॅटरी मारणं. बॅग डिक्कीत ठेवू नका, सोबत न्या, सावलीत ठेवा, वर पांढरा सुती पंचा टाका. फ्लॅश तापून बंद झाला तर थंड पाण्याची बाटली त्याला टेकवू नका, पंख्याखाली किंवा सावलीत दहा मिनिटं राहू द्या.

पेन्सिल सेलवर चालणारी फ्लॅशगन असेल तर चांगल्या निकेल मेटल हायड्राइड सेलचे चार-चारचे संच करा आणि संचावर नेल पॉलिशचा ठिपका लावा. एक जुना सेल तीन नव्यांना खाली ओढतो. बाहेरगावच्या लग्नाला विमानाने जात असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, केबिन बॅगेतच घ्याव्या लागतात.

फ्लॅश लागतच नाही

समोर जोडपं उभं आहे, मागे ऊन उतरतंय आणि फ्लॅश गप्प. इथे लोक घाबरून सगळी बटणं एकदम दाबतात. क्रमाने जा. आधी कॅमेऱ्यातलं सायलेंट किंवा इलेक्ट्रॉनिक शटर बघा. ते चालू असेल तर बहुतेक मिररलेस कॅमेरे फ्लॅश सोडतच नाहीत. मग फ्लॅशवरचं टेस्ट बटण दाबा: लागला तर फ्लॅश ठीक आहे, अडचण ट्रिगरची, म्हणजे कॅमेऱ्यावरून फ्लॅशला इशारा देणाऱ्या यंत्राची आहे. चॅनल आणि ग्रुप दोन्हीकडे सारखे आहेत का, आयडी लावला असेल तर तोही सारखा आहे का, फ्लॅश झोपला तर नाही ना, ट्रिगर हॉटशूमध्ये (कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत) पूर्ण आत सरकलाय का. पिना घामाने आणि धुळीने माखतात, कोरड्या कापडाने पुसा. फ्लॅश अगदी जवळ, हातभर अंतरावर असेल तर काही ट्रिगर चुकतात. गोडॉक्सच्या ट्रिगरमध्ये त्यासाठी 0 ते 30 मीटरचं सेटिंग आहे.

एक गोष्ट विकत घेण्याआधीच बघायची. कॅननच्या 200डी टूसारख्या काही कॅमेऱ्यांच्या हॉटशूवर मधली पिनच नाही. एकाच पिनेवर चालणारे स्वस्त ट्रिगर त्यावर मुळीच चालत नाहीत, त्या ब्रँडसाठीचा ट्रिगरच लागतो. हाय स्पीड सिंकसाठीही तेच.

फोटोच्या वर किंवा खाली काळी पट्टी येत असेल तर शटर सिंक स्पीडच्या पुढे गेलंय. व्ह्यूफाइंडर अंधारा दिसतोय पण फोटो नीट येतोय, तर कॅमेऱ्यातला एक्स्पोजर प्रिव्ह्यू बंद करा, कारण फ्लॅशचा उजेड त्याला आधी कळत नाही. एक फोटो उजळ आणि दुसरा काळा येत असेल तर तुम्ही रीसायकल होण्याआधी दाबताय. ताकद एक स्टॉप खाली आणा आणि फ्लॅश तेवढाच जवळ घ्या.

जूनमध्ये पहिल्या सरीत फ्लॅश भिजला तर लगेच बॅटरी काढा आणि घरी जाऊन दोन-तीन दिवस पंख्याखाली ठेवा, चालू करून बघायचा मोह आवरा. आणि स्क्रू काढून आत कापूस फिरवायला अजिबात जाऊ नका. आतल्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यानंतरही 300 व्होल्टच्या आसपासचा दाब टिकून राहू शकतो. तेवढं काम दुरुस्तीवाल्याचं.