जत्रेच्या नाटकात सॅम्पलर वाजवताय? मग या चुका टाळा

गोव्यात फोंड्याच्या आसपास जत्रेची नाटकं, भजनं, चवथीच्या आरत्या असं पॅड (रेकॉर्ड केलेले आवाज थाप मारून वाजवायचं मशीन, म्हणजेच सॅम्पलर) घेऊन फिरताना एक गोष्ट मला पक्की कळली. स्टेजवर सॅम्पलर सहसा बिघडत नाही, बिघडलेलं असतं ते आपण घरी हेडफोन लावून बनवलेलं सॅम्पल (त्यात भरलेला आवाज), आणि ते कळतं तेव्हा पडदा वर गेलेला असतो आणि हातात करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

माझंच घुमटाचं सांगतो, घुमट म्हणजे आपलं गोव्याचं मातीच्या मडक्याला चामडं लावलेलं वाद्य. पॅडमध्ये आधीपासून भरलेल्या आवाजांत आपलं घुमट काही सापडेना, म्हणून आरतीत वाजवणाऱ्या एका चांगल्या वादकाला घरी बसवून रेकॉर्ड केलं. दोन माईक लावले, एक चामड्याच्या बाजूला आणि दुसरा मागच्या छोट्या उघड्या तोंडाशी, जिथे डावा हात उघडझाप करून आवाज वळवतो. एक डावीकडे टाकला, एक उजवीकडे, आणि हेडफोनमध्ये असं भरदार वाटलं की जणू घुमट मांडीवरच आहे. नाटकात पहिल्याच प्रवेशात मारलं तर नुसतं टक् टक्, पोटातला घुमारा पूर्ण गायब. पेटीवरचे काका मान वळवून म्हणाले, "घुमट खंय गेलें रे?"

झालं होतं असं, की थाप पडली की चामडं आत जातं आणि त्याच क्षणी मागच्या तोंडातून हवा बाहेर ढकलली जाते, म्हणजे एका माईकमध्ये लाट खाली जाते तेव्हा दुसऱ्यात वर जाते. हेडफोनमध्ये दोन कान वेगळे म्हणून काही कळत नाही, पण गावातली साउंड सिस्टीम बहुतेक वेळा मोनो असते, म्हणजे डावं-उजवं वेगळं नसतं, तिथे दोन्ही बाजू एकत्र येतात आणि खालचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. वरची टकटक तेवढी उरते. उपाय अगदी साधा आहे, एडिटिंगमध्ये एका माईकची फेज उलटी करायची (म्हणजे लाटेचं वर-खाली पालटायचं), स्क्रीनवरच्या लाटा जवळून बघून जुळवायच्या, आणि मोनो करूनच ऐकायचं. आता मी कुठलंही सॅम्पल एका साध्या स्पीकरवर मोनोमध्ये वाजवल्याशिवाय पॅडमध्ये टाकतच नाही. आणि हो, केबल एकच असेल तर ती एल/मोनो लिहिलेल्या जॅकलाच लावा, घाईत आर मध्ये घातली तर अर्धं सॅम्पल मिक्सरपर्यंत पोचतच नाही.

२०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, त्यामुळे ते पॅडवर वाजवायचं तर नीट वाजवायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. खरं वाद्य आणि वादक हजर असेल तर पॅड बाजूला ठेवा, हेही सांगतो.

दुसरी चूक म्हणजे सॅम्पलच्या सुरुवातीची रिकामी जागा. बरेच जण म्हणतात पॅड उशिरा वाजतो, लेटन्सी आहे, नवीन मशीन घ्यायला पाहिजे. अहो, आधी सॅम्पल झूम करून बघा. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० पॉइंट धरले तर, ४४१ पॉइंट म्हणजे १० मिलिसेकंद, आणि आवाज हवेतून तेवढ्या वेळात साधारण साडेतीन मीटर जातो, म्हणजे वादक तुमच्यापासून तेवढा लांब बसल्यासारखं होतं. २०-३० मिलिसेकंदांची शांतता राहिली तर तबलजीबरोबर कधीच जमणार नाही. फक्त कापताना लाट जिथे मधल्या रेषेला छेदते तिथेच कापा, नाहीतर प्रत्येक थापेला 'टिक्' ऐकू येतं. १९८७ च्या ई-म्यू एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये सगळं मिळून १० सेकंदच सॅम्पल मावायचं, तेव्हा लोक एकेक आवाज नखाएवढा उरेपर्यंत कापायचे. आता गीगाबाइटमध्ये जागा मिळते म्हणून आपण कापायचंच सोडून दिलंय.

लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा आपोआप वाजणाऱ्या तुकड्यात, तर हे जास्त नडतं. भजनी ठेका ८ मात्रांचा, मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत धरला तर एक आवर्तन बरोबर ४ सेकंद. कानाने अंदाजे कापून ४.०३ सेकंद राहिलं तर एका फेरीला काही जाणवत नाही, पण दहा आवर्तनांत ०.३ सेकंद मागे पडता, म्हणजे अर्ध्या मात्रेपेक्षा जास्त, आणि मग सगळे टाळकरी तुमच्याकडे बघतात. व्हॉट्सअपवरून आलेली फाइल किंवा एमपी३ लूपसाठी वापरूच नका, एमपी३ बनताना पुढेमागे थोडी शांतता आपोआप चिकटते. वेव्ह फाइलच घ्या, आणि गायक लय वाढवणार असेल तर लूप बंद करून हाताने वाजवा, ताणलेल्या लूपमध्ये चामड्याचा आवाज चिखलासारखा होतो.

सूर बिघडण्याचं कारण पण बऱ्याचदा फाइलच असते. रोलंड कंपनीचा एसपीडी-एसएक्स पॅड ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटवर चालतो, त्यांचाच एसपी-४०४ एमके-टू सॅम्पलर ४८ वर, आणि फोन किंवा कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बहुतेक ४८ चं. काही मशीन स्वतः बदलून घेतात, काही फाइल घेतच नाहीत, आणि काही तशीच सावकाश वाजवतात. ४८ ची फाइल ४४.१ ने वाजली की सूर जवळजवळ दीड पट्टी उतरतो, म्हणजे काळी चारचा तानपुरा काळी तीन आणि पांढरी पाचच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसतो, जो सूर पेटीवर नाहीच. घरीच कन्व्हर्ट करा आणि पेटी जवळ घेऊन तपासा.

नाटकाच्या क्यूमध्ये, म्हणजे ठरलेल्या जागी वाजवायच्या आवाजांत, पाऊस, वीज, शंख हे आवाज असतात, त्यात पावसाचा लूप एकदा मारला की सुरू, परत मारला की बंद असा सेट करा. नाहीतर नायिका रडायला लागते आणि वर मुसळधार दुप्पट होतो. शंख आणि त्याची शेवटची घुमणारी शेपटी एकाच म्यूट ग्रुपमध्ये ठेवा, म्हणजे एक वाजलं की दुसरं आपोआप बंद होतं. एवढं पुरे.

आता स्टेजवरचं. देवळासमोर फळ्यांचं स्टेज असलं की कोणी जोरात पाय आपटला किंवा बाजूच्या बॉक्समधून बेस आला की पॅड आपोआप वाजतो, ते भूत नाही, थ्रेशोल्ड (किती जोराने थाप लागली की पॅड वाजायचा ती मर्यादा) कमी आहे. स्टँडखाली जाड रबर घाला आणि साउंडचेकला सगळं फुल वाजत असतानाच थ्रेशोल्ड थोडा थोडा वाढवा, हळू थाप लागेनाशी झाली की एक पायरी मागे या.

घूंऽऽ असा हम येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, गेला तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन मशीनची अर्थिंग केबलमधून एकमेकांना जोडली गेलीय, मशीन आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स नावाची छोटी डबी लावून त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढून हम घालवणारे लोक मी बघितलेत. हात जोडून सांगतो, हे करू नका, ओल्या मांडवात माईकला ओठ लागला की करंट गायकाला बसतो.

लाइट गेली आणि जनरेटरवर गेलं की सॅम्पलर बंद होऊन परत सुरू होतो, सेव्ह न केलेलं किट (पॅडवर लावलेल्या आवाजांची मांडणी) गेलं. छोटा यूपीएस जवळ ठेवा आणि साउंडचेक संपल्या संपल्या सेव्ह करा, चहा नंतर. अडॅप्टर विसरलात म्हणून दुसऱ्याचा लावताना व्होल्टेजबरोबर पोलॅरिटीचं चित्रही बघा, रोलंड-बॉसच्या बऱ्याच ९ व्होल्टच्या मशीनना मधली पिन मायनस लागते आणि बाजारातल्या साध्या अडॅप्टरला ती प्लस असते.

शेवटी आपली हवा. एसीच्या गाडीतून थंडगार मशीन काढून दमट मांडवात ठेवलं की आत पाणी धरतं, तसंच चालू करू नका, केस बंद ठेवूनच अर्धा तास बाहेरच्या हवेवर येऊ द्या. पावसाळ्यात चार महिने कामं कमी म्हणून ते कपाटात पडून राहतं आणि चवथीला काढलं की नॉब खरखरतात, त्यामुळे केसमध्ये सिलिका जेल टाका, दर महिन्याला पाकिटं बदला, आणि आठवड्यातून एकदा तासभर चालू करून सगळे पॅड, सगळे नॉब हाताखालून घाला.