पोळ्यानंतर खुराडं एकदा रात्री उघडून बघा

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात काळी-पिवळी मारबत निघते, आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत आपण रोगराई तिच्यासोबत धाडून देतो. खुराड्यातली तेवढी मागे राहते. श्रावण-भादव्यात तणस, बारदाना, बांबू सगळं ओलसर होतं. मधेच उघडीप मिळाली की उकाडा. कोंबड्यांचं रक्त पिणाऱ्या किड्यांना याहून चांगली हवा नाही. अशा हवेत अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्यातच पावसाने अंगणातली कोरडी माती गेलेली असते, त्यामुळे कोंबड्यांना धुळीत लोळून अंग झाडायलाही जागा उरत नाही.

कोणी यांना पिसवा म्हणतं, कोणी गोचीड, कोणी नुसतं ‘किडे लागले’. डॉक्टरांच्या भाषेत हे माइट. नाव काहीही घ्या, पण ते राहतात कुठे हे कळल्याशिवाय उपाय लागू पडत नाही.

मागच्या वर्षी माझी एक गावरान कोंबडी बारा अंड्यांवर बसली होती. पंधराव्या दिवशी ती अंडी सोडून अंगणात डोळे मिटून, पिसं फुगवून उभी. तुरा लाल नव्हता, पेरूच्या गरासारखा फिकट पडला होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, “नजर लागली जी, मीठ-मिरच्या ओवाळून टाका.” मी दिवसा तिची पिसं उलटीपालटी करून पाहिली, काही सापडलं नाही. रात्री नऊला बॅटरी घेऊन गेले आणि ती बसायची त्या बांबूच्या सांध्याखाली बोट फिरवलं. बोटावर रक्ताची रेघ उमटली. राईच्या दाण्याहून लहान किडे, पोट भरलेले लाल, उपाशी राखाडी.

हा लाल माइट. दिवसभर फटीत दडतो, रात्री कोंबडीवर चढतो, अर्धा-पाऊण तास रक्त पितो आणि परत फटीत जातो. अंडीही तिथेच घालतो. अंड्यावर बसलेली कोंबडी जागेवरून हलत नाही, म्हणून सगळ्यात आधी तीच सुकते. निघालेली पिल्लं तर दोन-चार रात्रीतच जाऊ शकतात. दुसऱ्या जातीचा माइट मात्र अंगावरच राहतो. शेपटीखालची, विष्ठेच्या जागेभोवतीची पिसं मळकट, चिकट, काळपट दिसली तर तो समजा. उवा वेगळ्या: पिवळसर, दिवसाही पळताना दिसतात, आणि पिसाच्या बुडाशी त्यांच्या लिखांचे पुंजके असतात. पायाची खवलं उचलून पांढरट, खडबडीत झाली असतील तर तो आणखी एक माइट. त्याला कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवून, पुसून व्हॅसलीन किंवा खोबरेल चोपडा, आठवड्यातून दोनदा तरी. रॉकेल लावायची जुनी खोड सोडा, कातडी भाजते.

आजारी कोंबडीला पहिलं औषध म्हणजे वेगळी, किडा नसलेली जागा. स्वच्छ डालं किंवा खोकं, खाली कोरडा कागद, रोज बदलायचा. रोज रात्री जाणारं रक्त थांबलं की निम्मं काम झालं. अशक्त कोंबडीला धुऊ नका. ओल्या अंगाने गारठून जाईल. पाण्यात जनावरांच्या औषधाच्या दुकानात मिळणारी इलेक्ट्रोलाइट पावडर पाकिटावरच्या मापाने टाका, नसेल तर एक-दोन दिवस थोडा गूळ चालेल. खायला भिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, कुस्करलेलं उकडलेलं अंडं, बारीक चिरलेला शेवग्याचा पाला. चोच उघडून बळजबरीने पाणी ओतू नका, श्वासनळीत जातं. सकाळी गळ्याखालची दाण्याची पिशवी आणि छातीचं हाड हाताने चाचपा. हाड सुरीसारखं लागत असेल, दोन दिवस दाण्याला तोंड लावत नसेल, तर डॉक्टर गाठा. लोहाचं टॉनिक, जीवनसत्त्वं यांचं माप तेच ठरवतील. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे, आणि नागपूर शहरात असाल तर सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच.

आता खुराडं. खरं दुखणं तिथे आहे, आणि कंटाळा आपल्याला नेमका त्याचाच येतो. सगळी तणस, बारदाना बाहेर काढून जाळा. बांबू-फळ्या सुट्या होत असतील तर काढून उन्हात टाका. फटींत उकळतं पाणी ओता, सांधे ब्रशने घासा, वाळल्यावर दाट चुना मारून फटी बुजवा. नुसतं खुराडं रिकामं ठेवून भागत नाही; हे किडे कित्येक आठवडे, थंडीत महिने उपाशी तग धरतात. बसायच्या दांडीची टोकं खाण्याच्या तेलात भिजवलेल्या चिंधीने गुंडाळा, किडे तिथेच अडकतात. आठवड्याने हे सगळं पुन्हा, कारण पहिल्या वेळी वाचलेली अंडी तोवर फुटलेली असतात. मला विचाराल तर पहिल्यापेक्षा ही दुसरी फेरी महत्त्वाची, आणि बहुतेक जण तीच चुकवतात.

चुलीची राख आणि कोरडी माती घमेल्यात भरून वळचणीला ठेवा. राखेने किडे कमी होतात, पण अंगणभर माजलेले नुसत्या राखेने आटोपत नाहीत. तेव्हा औषधाची भुकटी लागते, आणि इथे हात आखडता घ्या. ती कोंबडीच्या अंगासाठी आहे की फक्त खुराड्यासाठी, हे लेबलवर वाचा. किती दिवस अंडी खायची नाहीत, हे डॉक्टरांना विचारून भिंतीवर लिहून ठेवा. कपाशी-धानावरचं उरलेलं औषध तर अजिबात मारू नका. २०१७ साली नेदरलँड्स-बेल्जियममध्ये याच लाल माइटसाठी फिप्रोनिल हे कीटकनाशक बेकायदा वापरलं गेलं आणि लाखो अंडी नष्ट करावी लागली. तेच फिप्रोनिल आपल्या कृषी केंद्रात शेतासाठी मिळतं. त्याच वर्षी यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने आपली माणसं गेली, ते वेगळं सांगायला नको.

फिकट तुरा दिसला म्हणजे किडेच, असंही नाही. जंतांनीही होतो, विष्ठेत रक्त दिसलं तर कॉक्सिडिओसिस (आतड्यातल्या परजीवींचा रोग), मान वाकडी आणि हिरवी विष्ठा असेल तर राणीखेत (विषाणूचा रोग). एकदम अनेक कोंबड्या मेल्या तर हात न लावता दवाखान्यात कळवा. २०२४ च्या शेवटी नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रातले वाघ बर्ड फ्लूने गेले, हे विसरू नका.

बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा, आणि खुराड्यावरचं चिमण्या-पारव्यांचं घरटं पिल्लं उडून गेल्यावर काढा. माइट तिथूनही येतात. मग खुराड्यात पुठ्ठ्याच्या खोक्याचा घड्या असलेला तुकडा लावून ठेवा. आठवड्याने काढून पांढऱ्या कागदावर झटका, किडे उरलेत का ते दिसेल.

माझ्या कोंबडीची ती बारा अंडी गेली. तिचा तुरा तिसऱ्या आठवड्यात लाल दिसू लागला, अंडं मात्र तिने दिवाळीनंतरच दिलं.