लाडक्या विनोदी नटाला श्रद्धांजली वाहणारा लेख कसा लिहावा

ज्याने आपल्याला वर्षानुवर्षे हसवले, त्या नटाने नैराश्याच्या काळात आत्महत्या केल्याचे कळल्यावर चाहत्याला त्याच्याविषयी लिहावेसे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र हा लेख इतर मृत्युलेखांपेक्षा जपून लिहावा लागतो, कारण तो वाचणाऱ्यांत त्याच अवस्थेतून जाणारे कुणी असू शकते. ११ ऑगस्ट २०१४ रोजी वयाच्या ६३व्या वर्षी गेलेले अमेरिकन विनोदी नट रॉबिन विल्यम्स यांचे उदाहरण घेऊन हे पाहू.

सुरुवात मृत्यूपासून करू नये, कामापासून करावी. चित्रपटांची यादी कुणालाही देता येते. त्यापेक्षा आपल्या मनात घर करून राहिलेला एकच प्रसंग निवडावा आणि तो पुन्हा पाहून मगच लिहावा. ‘गुड विल हंटिंग’मध्ये (१९९७) बॉस्टनच्या बागेतील बाकावर विल्यम्स मॅट डेमनशेजारी बसून बोलतात. ‘अलादीन’मधील जिनीला आवाज देताना क्षणाक्षणाला सोंगे पालटणारा हा माणूस इथे एकेक वाक्य सावकाश उच्चारतो, आणि कॅमेरा बराच वेळ त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. याच भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. असा प्रसंग जवळून दाखवला की ‘महान’, ‘अद्वितीय’ यांसारख्या विशेषणांची गरज उरत नाही.

‘सर्वांना हसवणारा आतून मात्र रडत होता’ हे वाक्य हमखास सुचते. ते खोडून टाकावे, असे माझे ठाम मत आहे, कारण त्यामुळे आयुष्यभराची मेहनत केवळ दुःखाचा मुखवटा ठरते. विल्यम्स न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संस्थेत नाट्यशिक्षण घेऊन आले होते, आणि ‘गुड मॉर्निंग, व्हिएतनाम’मधील रेडिओवरची बरीचशी बडबड त्यांनी ऐनवेळी रचलेली होती. ते कसब होते, आणि त्याचा मान कसब म्हणूनच राखावा.

मृत्यूविषयी लिहिताना आत्महत्या झाली एवढे स्पष्ट सांगावे. पद्धत, जागा, शेवटचे तास यांचे तपशील मुळीच देऊ नयेत. कारण एकच होते, असेही लिहू नये. विल्यम्स यांना नैराश्याने ग्रासले होते, मृत्यूपूर्वी काही महिने पार्किन्सनचे निदान झाले होते, आणि शवविच्छेदनानंतर त्यांच्या मेंदूत ल्युई बॉडी डिमेन्शिया हा स्मृती आणि विचारशक्ती खालावणारा आजार बराच पसरल्याचे आढळले. त्यांच्या पत्नीने २०१६ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात त्या अखेरच्या काळाविषयी स्वतः लिहिले. पहिल्याच दिवशी घरगुती कलहाचे किंवा पैशाच्या अडचणीचे तर्क मांडणाऱ्यांना यातले बरेच काही ठाऊकच नव्हते.

सर्वांत जास्त काळजी ‘सुटका झाली’, ‘अखेर शांती मिळाली’ अशा शब्दांबाबत घ्यावी. विल्यम्स गेल्यावर ऑस्कर देणाऱ्या अकादमीने ‘जिनी, तू आता मुक्त झालास’ अशा अर्थाचा संदेश प्रसिद्ध केला. त्यामागे प्रेमच होते. तरीही आत्महत्या-प्रतिबंधाचे काम करणाऱ्यांनी त्यावर आक्षेप घेतला, कारण मरणाला सुटकेचे रूप दिले की खचलेल्या माणसाला तोच मार्ग मोकळा दिसू लागतो. ही भीती निराधार नव्हती: २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार विल्यम्स यांच्या मृत्यूनंतरच्या पाच महिन्यांत अमेरिकेतील आत्महत्यांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी जास्त होते. एवढ्यावरून कुणा एका लेखाला दोष देता येत नाही, पण शब्द तोलून वापरायला ते पुरेसे कारण आहे.

नैराश्य हा उपचार करता येण्याजोगा आजार आहे, हे लेखात एकदा तरी साध्या शब्दांत यावे, आणि शेवटी मदतीचा क्रमांक द्यावा: अमेरिकेत ९८८, भारतात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६. प्रसिद्ध करण्यापूर्वी लेख एक रात्र तसाच ठेवावा. सकाळी, सध्या खूप खचलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला समोर कल्पून तो मोठ्याने वाचावा, आणि ज्या वाक्यापाशी आवाज अडेल ते वाक्य बदलावे.