सबवूफरचा क्रॉसओव्हर लावताना या चुका टाळा

नवा सबवूफर (फक्त खोल बेस वाजवणारा स्पीकर, थोडक्यात सब) घरी आला की पहिल्या संध्याकाळी सगळीकडे तेच घडतं. सब टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात सरकवायचा, गेन (सबच्या आवाजाची पातळी) वाढवायचा आणि एखादा स्फोटाचा सीन लावायचा. खिडकीच्या काचा थरथरल्या की सेटअप झाला! आठवड्याभरात तक्रारी सुरू होतात: संवाद पोकळ वाटतात, घुमतं खूप पण दणका लागत नाही, खालचे शेजारी वर येऊन गेले.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे एकाच वाटेवर दोन क्रॉसओव्हर, म्हणजे बेस आणि बाकीचा आवाज वेगळा करणारे फिल्टर. रिसीव्हरमध्ये (सगळे स्पीकर आणि सब ज्याला जोडतो तो अँप) ८० हर्ट्झ लावलेला असतो, म्हणजे त्याच्या खालचा बेस सबकडे जातो आणि वरचं सगळं स्पीकरकडे. इथे काम संपलं. पण सबच्या मागेही क्रॉसओव्हरचा नॉब असतो आणि तो दिसला की लोकांचा हात शिवशिवतो.

माझ्या मावसभावाच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये हेच झालं होतं. त्याचा फोन आला, "दादा, अजून मोठा सब घेऊ का? यात दमच नाही." जाऊन ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावलं. ताशा लख्ख वाजत होता, ढोल मात्र दोन गल्ल्या पलीकडे वाजत असल्यासारखा. सब वळवून टॉर्च मारला तर नॉब ६० वर. बसवायला आलेल्या माणसाने "बेस टाइट येतो" म्हणून तो तिथे ठेवला होता. रिसीव्हर ८० च्या खालचं सबकडे पाठवतोय आणि सब ६० च्या वरचं गाळून टाकतोय. मधला पट्टा कोणीच वाजवत नाही, आणि ठोक्याचं वजन बरंचसं तिथेच असतं. ते भरून काढायला त्याने गेन वाढवत नेला होता, त्यामुळे अगदी खालची घरघर तेवढी वाढली आणि खालच्या काकूंची झोप उडाली. नॉब शेवटपर्यंत फिरवला, गेन उतरवला, रिसीव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन (माइकने आवाज मोजून सेटिंग आपोआप ठरवणं) पुन्हा चालवलं. ढोल खोलीत आला. नवा सब घ्यायची गरज उरली नाही.

म्हणून रिसीव्हर वापरत असाल तर सबचा नॉब कमालीवर ठेवा आणि विसरा. सबवर एलएफई (सिनेमातला बेसचा वेगळा चॅनेल) लिहिलेलं इनपुट असेल तर वायर त्यातच लावा. बहुतेक सबमध्ये तिथे आतला फिल्टर लागतच नाही.

दुसरी चूक टॉवर स्पीकरवाल्यांची. एवढे पैसे मोजलेत तर रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये ते 'स्मॉल' कसे म्हणायचे? 'स्मॉल' म्हणजे फक्त बेस सबकडे वळवा, एवढाच निरोप. ऑटो कॅलिब्रेशन टॉवर बरेचदा 'लार्ज' ठरवतं. मी ते हाताने बदलून 'स्मॉल' आणि ८० करतो, रिसीव्हरच्या अँपवरचा भार हलका होतो. छोट्या सॅटेलाइट स्पीकरना मात्र ८० झेपत नाही, तिथे १०० किंवा १२० लावा. आणि 'एलएफई प्लस मेन' निवडू नका. तोच बेस सबमधून आणि टॉवरमधून आला की खोलीत काही ठिकाणी एकमेकांना खातो.

'एलपीएफ फॉर एलएफई' ही सेटिंग वेगळी आहे (ती फक्त एलएफई चॅनेलची वरची मर्यादा ठरवते), ती क्रॉसओव्हर समजून ८० करू नका. १२० राहू द्या.

कॅलिब्रेशननंतर सबचं अंतर टेपने मोजल्यापेक्षा जास्त दिसलं तर 'दुरुस्त' करू नका. सबच्या सर्किटमध्ये होणारा उशीर त्यात धरलेला असतो.

फेजसाठी, म्हणजे सब आणि स्पीकरचा आवाज एकमेकांना मारू नये म्हणून, ८० हर्ट्झचा टोन मेन स्पीकर आणि सबमधून एकत्र वाजवा, स्विच ० आणि १८० वर फिरवून बघा. सोफ्यावर जिथे जास्त भरीव वाटतं ते ठेवा.

जागेबद्दल मात्र मी हट्टी आहे. १२ फूट लांबीच्या खोलीत त्या दिशेची पहिली घुम साधारण ४७ हर्ट्झला येते. ती भिंतींपाशी फुगते आणि बरोबर मधोमध गायब होते. आपल्या विटा-काँक्रीटच्या खोल्यांत हा फरक चांगलाच जाणवतो आणि कोणताही क्रॉसओव्हर तो मिटवत नाही. सब उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेसचा संथ चढता-उतरता तुकडा लावा आणि भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर रांगत ऐका. जिथे सगळे सूर सारख्या ताकदीने येतात तिथे सब ठेवा. घरचे हसतात, हसू द्या. हे अर्ध्या तासाचं काम टाळून ॲपमधल्या इक्वलायझरशी महिनोन्महिने खेळणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

शेवटी, सतत 'हम्म' आवाज येत असेल तर सब बिघडलाय असं धरून चालू नका. आधी सेट-टॉप बॉक्सची केबलची वायर काढून बघा, आवाज थांबला तर लूप (अर्थिंगच्या दोन वाटा जुळून होणारं वर्तुळ, ज्यातून हा आवाज येतो) तिथेच आहे. प्लगची अर्थिंगची पिन काढून आवाज थांबवणारे लोक आहेत, त्यांना घरातल्या सॉकेटला हात लावू देऊ नका. तीच पिन तुम्हाला शॉकपासून वाचवते.