बाथरूममधला गॅस गिझर : या चुका जिवावर बेततात

सिलिंडरच्या गॅसला वास असतो, कारण गळती कळावी म्हणून त्यात वासाचं द्रव्य मुद्दाम मिसळलेलं असतं. गिझरमध्ये गॅस जळतो तेव्हा तो वासही जळून जातो. मागे उरते वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड. या शेवटच्या वायूला ना वास, ना रंग. ठसका लागत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट धरतो आणि आंघोळ करणारा माणूस हाक मारायच्या आतच खाली बसतो. ‘गॅसचा वास येत नव्हता’ यावर कुणी विसंबून राहू नये, म्हणून हे लिहितो आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गिझर बाथरूमच्या आत बसवणं. आपल्याकडे बंब अंगणात पेटायचा, धूर आभाळात जायचा आणि कढत पाणी बादलीने न्हाणीत यायचं. लोडशेडिंगला कंटाळून घरोघरी गॅसचे गिझर आले आणि ती आग आपण छोट्याशा खोलीत, आतून कडी लावून पेटवू लागलो. जरा हिशेब मांडून पाहा. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा लहान गिझर पूर्ण आचेवर तासाला साधारण १ किलो गॅस घेतो, म्हणजे स्वयंपाकाचे पाच-सहा बर्नर एकदम पेटल्यासारखं. १ किलो गॅस नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. ५ बाय ७ फुटांच्या, ८ फूट उंच बाथरूममध्ये सगळी मिळून हवा असते जेमतेम ८ घनमीटर. १५ मिनिटांत त्यातली ३ घनमीटर आगीला लागते, उरलेल्या हवेत जळका वायू मिसळतो, ऑक्सिजन उतरतो आणि बर्नर आणखी कार्बन मोनॉक्साइड सोडू लागतो. घरातली चार माणसं एकापाठोपाठ एक आंघोळीला गेली, तर सगळ्यात वाईट हवा शेवटच्याच्या वाट्याला येते.

म्हणून गिझर बाहेर काढा. गॅलरीत किंवा मागच्या अंगणातल्या भिंतीवर लावा, वर पत्र्याची सावली करा, पण चारही बाजूंनी डबा करू नका. आत फक्त गरम पाण्याचा पाइप येऊ द्या. बाथरूमच्या झरोक्याच्या खाली मात्र लावू नका, नाहीतर बाहेर काढलेला धूर तिथूनच आत येईल. गिझर बाहेर काढेपर्यंत एकच रीत पाळा : दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, मग आंघोळीला जा.

‘आमच्याकडे झरोका आहे’ असं बरेच जण सांगतात. तो झरोका कुठे उघडतो ते बघा. अपार्टमेंटमध्ये तो बहुधा डक्टमध्ये उघडतो आणि तिथे शेजाऱ्याच्या गिझरचा धूरही साचलेला असतो. शिवाय थंडीत परभणीकडे पारा एक आकड्यावर आला की त्याच झरोक्यात पुठ्ठा बसतो. हवेला दोन वाटा लागतात : खालून ताजी हवा यायला दाराला जाळी आणि वरून जळकी हवा जायला झरोका. एकच वाट असली तर भागत नाही.

एक्झॉस्ट फॅनबद्दलही गैरसमज आहे. दाराखाली फट नसेल तर फॅन खोलीतली हवा ओढतो आणि तिची जागा भरायला बाहेरची हवा गिझरच्या धुराच्या पाइपातून उलटी येते, धूर सोबत घेऊन. आणि वीज गेली की फॅन थांबतो, सेलवर पेटणारा गिझर मात्र चालूच राहतो.

आता धुराच्या पाइपाकडे. बऱ्याच लहान गिझरना तो मुळात नसतोच, वरच्या फटींतून सगळं खोलीत येतं. अशा गिझरला घरचा पाइप जोडून भागत नाही. ज्याला पाइपाची कॉलर आहे, त्याला कंपनीने सांगितलेल्या मापाचाच धातूचा पाइप हवा. उरलेला पीव्हीसी वापरू नका. तो ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि धूर त्याहून बराच गरम असतो. पाइप आधी जमेल तितका सरळ वर न्यावा, आडवा भाग कमी ठेवून त्यालाही दर फुटाला पाव इंच चढ द्यावा, वळणं कमीत कमी घ्यावीत आणि टोकाला टोपी बसवावी.

पाइप ओढतोय का, हे घरीच बघता येतं. दार उघडं ठेवून गिझर पाच मिनिटं चालू द्या, मग जळती उदबत्ती गिझरच्या वरच्या फटीजवळ धरा. धुराची रेघ आत ओढली गेली तर ठीक. ती तुमच्या तोंडाकडे वळली, तर गिझर लगेच बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा. मात्र ही चाचणी झाली म्हणून बाकी सगळं माफ, असं नाही.

उन्हाळाभर बंद पडलेला गिझर थंडीत थेट पेटवणं ही आणखी एक सवय. तेवढ्या महिन्यांत बर्नरच्या नळीत कोळी जाळं विणतो, कुंभारीण माशी पाइपाच्या तोंडाशी मातीचं घर लिंपते, पारवे टोपीत काड्या भरतात. हवा अडली की निळी ज्योत पिवळी होते आणि वरच्या भिंतीवर काजळी धरते. पिवळी ज्योत दिसली तर गिझर वापरू नका. दिवाळीच्या आधी सर्व्हिसिंग करून घ्या. बोअरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार बसतात, तेही तेव्हाच काढून होतात.

भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांनी जास्त जपावं. लातूरला शिकायला आलेल्या मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी खोली ठरवताना गिझर कुठे आहे ते आधी बघावं. तुळजापूर, परळीला दर्शनाला गेलं की लॉजमध्येही बघावं.

आतून हाकेला ओ आली नाही, तर दार तोडा. माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन लावा. फीट आली समजून कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. करोनात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून निर्धास्त होऊ नका. कार्बन मोनॉक्साइड धरलेलं रक्त त्याला ऑक्सिजनचंच वाटतं आणि आकडा ९८ दिसू शकतो. आंघोळीनंतर नुसतं डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं असेल तरी ते पित्त समजून गोळी घेऊ नका. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की गॅसचा गिझर चालू होता. रक्ताची योग्य तपासणी आणि ऑक्सिजन त्यावरच ठरतो. आणि त्या सकाळी घरात जे जे होते, त्या सगळ्यांना तपासून घ्या.