पिल्लू लहान आहे म्हणून सोडून देऊ नका: घरी शिकवताना या चुका टाळा

लॅब्रॅडॉरच्या पिल्लानं पाहुण्यांच्या अंगावर उडी मारली की घरातले सगळे ओरडतात. तेच दोन किलोच्या पोमेरेनियननं केलं की "किती गोड!" म्हणत उचलून घेतात. छोट्या जातीच्या कुत्र्यांची पिल्लं हट्टी असतात, ऐकत नाहीत, ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. पिल्लू रोज शिकतच असतं. उडी मारली की कडेवर घेतात, हेही ते शिकलं.

सगळ्यात जास्त वैताग शू-शीचा. दोन महिन्यांच्या पिल्लाला फार तर दोन-तीन तास धरवतं, खेळत असेल तर त्याहून कमी. म्हणून घड्याळावर विसंबू नका. झोपून उठलं, खाल्लं, खेळून दमलं की लगेच ठरलेल्या जागी न्या. जागा एकच हवी. आज गॅलरी, उद्या बाथरूम, परवा हॉलमधला पेपर असं केलं तर त्याला कळणार कसं? शू झाली की तिथल्या तिथे शाबासकी आणि खाऊ द्या. स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडेपर्यंत खाऊ कशाबद्दल मिळाला हे त्याला उमगत नाही.

गालिच्यावर झाली तर नाक घासणं, पेपरनं मारणं कृपा करून थांबवा. माणसासमोर शू करणं धोक्याचं, एवढंच त्यातून त्याच्या मनात बसतं. मग ते सोफ्यामागे लपून करतं, आणि खाली नेलं तरी तुमच्यासमोर करत नाही. फिनेलनं पुसूनही पुन्हा तिथेच करत असेल, तर वास आपल्यापुरता गेलेला असतो, त्याच्या नाकाला येतच असतो. एन्झाइमचा क्लीनर, म्हणजे वास मुळापासून घालवणारं द्रव, वापरा. पेट शॉपमध्ये मिळतो. सगळं नीट करूनही थोडी थोडी शू वारंवार होत असेल तर व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांना, दाखवा, संसर्ग असू शकतो.

चावण्याला "दात शिवशिवतात बिचाऱ्याचे" म्हणून हात देऊ नका. दात लागले की खेळ बंद, आणि चघळायला खेळणं द्या. सहा महिने उलटूनही दुधाचे सुळे पडले नसतील तर तपासून घ्या. छोट्या जातींत ते बरेचदा अडकून राहतात.

फिरवताना पट्टा गळ्याला लावून ओढू नका. पोमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर यांची श्वासनलिका नाजूक असते, हार्नेसच, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टाच, घ्या.

भूक लागली की पटकन शिकेल म्हणून उपाशी ठेवणं तर अगदीच घातक. इतक्या छोट्या जीवाची रक्तातली साखर चटकन उतरते. दिवसातून तीन-चार वेळा खायला द्या, आणि शिकवताना खाऊचा तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढाच ठेवा. पिल्लू थरथरू लागलं, झोकांड्या खाऊ लागलं तर हिरड्यांना थोडा मध चोळा आणि थेट डॉक्टरांकडे न्या. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा चुकूनही देऊ नका.

लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण 16 आठवड्यांचं होईपर्यंत, पिल्लाला घरातच कोंडून ठेवणारेही बरेच आहेत. पण जगाची ओळख होण्याचं वय साधारण 3 ते 14 आठवडे असतं, ते तेवढ्यात निघून जातं. रस्त्यावर खाली सोडू नका, पण कडेवर घेऊन जरूर बाहेर पडा. रिक्षाचा आवाज, हेल्मेट घातलेला माणूस, भाजीवाल्याची हाक, शाळेतून सुटलेली मुलं, सगळं त्याला लांबून बघू द्या आणि अधूनमधून एखादा तुकडा भरवत राहा.