क्यूजीआयएसमध्ये सड्यावरच्या नोंदी भरताना या चुका टाळा

कासच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) चौकटी आखून गेंद, तेरडा आणि सीतेची आसवे ही रानफुले मोजणाऱ्या अभ्यासकाच्या हाती हंगामाअखेरीस शेकडो नोंदी जमतात. त्या क्यूजीआयएस या नकाशे तयार करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आणताना होणाऱ्या अनेक चुकांचे मूळ संगणकात नव्हे, तर वहीत असते. १७ अंश ४३ मिनिटे १२ सेकंद हा अक्षांश घाईत १७.४३१२ असा लिहिला जातो. वास्तविक तो १७.७२ आहे. एवढ्याने चौकट सुमारे ३२ किलोमीटर दक्षिणेला, पाटण तालुक्यात जाऊन पडते, आणि तिथेही डोंगरच असल्यामुळे नकाशा पाहणाऱ्याला शंका येत नाही. म्हणून मिनिटांना ६० ने व सेकंदांना ३६०० ने भागून बेरीज करावी, किंवा जीपीएस मुळातच दशांश अंशांवर ठेवावे. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल मात्र लगेच उघडी पडते, कारण बिंदू थेट नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात दिसतो.

सर्वाधिक वेळ खाणारी चूक निर्देशांक प्रणालीची, म्हणजे बिंदूचे स्थान कोणत्या एककात व कशाच्या आधारे मोजायचे हे ठरवणाऱ्या पद्धतीची आहे. चौकटीभोवती ५० मीटरचा बफर (ठरावीक अंतराचा पट्टा) काढायला जावे, तर ईपीएसजी ४३२६ या अंशांत मोजणाऱ्या प्रणालीतील स्तरासाठी (नोंदींच्या थरासाठी) एकक म्हणून अंश पुढे येतात. मग स्तराच्या गुणधर्मांत जाऊन प्रणाली ३२६४३ ही मीटरमध्ये मोजणारी केली जाते आणि सगळे बिंदू सड्यावरून नाहीसे होतात. या बदलाने आकडे तेच राहतात, फक्त ते मीटर समजून वाचले जातात, त्यामुळे बिंदू विषुववृत्ताजवळ हिंदी महासागरात सापडतात. मूळ स्तराची प्रणाली पुन्हा ४३२६ करावी आणि आकड्यांचे खरोखर रूपांतर करणारे ‘रिप्रोजेक्ट लेयर’ हे साधन वापरून नवा स्तर तयार करावा. कासला ३२६४३ चालते. ताडोबा ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला असल्याने तिथे ३२६४४ घ्यावी लागते.

नोंदी साठवण्याच्या शेपफाइल या फाइल-प्रकारात रकान्याचे नाव दहा अक्षरांवर तुटते, देवनागरी नाव तर त्याआधीच. जिओपॅकेज हा फाइल-प्रकार वापरल्यास ही अडचण येत नाही.

शेवटची चूक नकाशावर दिसतच नाही, म्हणून मला ती सर्वांत गंभीर वाटते. चौकटीत गेंद आढळला नाही की रकाना रिकामा सोडला जातो, आणि सरासरी काढताना ती भेट गणतीतूनच वगळली जाऊन गेंद आहे त्यापेक्षा विपुल भासतो. शोधूनही न मिळालेल्या फुलासाठी ० लिहावे. धुके उतरल्यामुळे मोजणीच न करता परतावे लागले असेल, तरच रकाना रिकामा ठेवून शेऱ्यात तसे नमूद करावे.